कोळशाची लॉरी आणि गुणवंतभाऊ

गुणवंतभाऊंना कुठलीच वस्तू बिघडवता येत नसे. ऐकायला हे कौतुकासारखं वाटतं. पण मी त्यांचं जे पाहिलं त्यावरून सांगतो, माणसाला थोडंफार बिघडवता आलं पाहिजे. तेवढं त्यांना जमलं असतं तर दिवाळीतच हा माणूस शेंदूरजनाघाटला आपल्या संत्र्याच्या बागेत, बायकोपोरीजवळ जाऊन बसला असता.

लढाईचे दिवस होते. अमरावतीला मोटारगाड्या तपासायची एक सरकारी कचेरी होती, तिथं मी कारकून. मूळचा अकोल्याचा, लग्न व्हायचं होतं, मोटार स्टँडामागं एका खोलीत राहायचो. खोलीसमोर चिंचेखाली मोकळी जागा होती आणि तिथं भाऊंची लॉरी उभी असायची. दिवसभर कचेरीत मोटारी, घरी आलो की दारात लॉरी. काय नशीब म्हणायचं हे! पहिले आठ दिवस मी त्यांच्याशी बोललोसुद्धा नाही. नवव्या दिवशी कचेरीतून आलो तर माझ्या खोलीचं दार गुपचूप उघडलं. एरवी ते असं कुरकुरायचं की समोरचं कुत्रं उठून बसे. बिजागरीला कुणी तरी तेल पाजलं होतं, एक स्क्रू नवा घातला होता. चिंचेखाली एक उंच, काळासावळा, कानावर बिडी ठेवलेला माणूस राखेनं हात घासत उभा होता.

"कुणाला विचारून हात लावला?" मी म्हटलं. मी तसा तापट माणूस.

"इचारलं नाई बाप्पा. रडून राह्यलं होतं ते दार. मले आयकवेना."

हीच आमची ओळख. पुढं एकदा माझ्या वडिलांचं खिशातलं घड्याळ त्यांनी असंच उघडून ठेवलेलं पाहिलं तेव्हा मी खरोखर भडकलो. वडील गेल्यावर घरातून मी एवढंच मागून घेतलं होतं. भाऊ शांतपणे म्हणाले, "दिवसाले पाच मिनटं मागं पडत होतं बाबू. तुमाले चैन कसं पडे?" त्यांना हे खरंच कळत नव्हतं. एखादी वस्तू चुकीची चालली आहे हे माहीत असून माणूस जेवतो कसा, हसतो कसा, याचं त्यांना नवल वाटायचं.

भाऊंची जात माळ्याची. घरी बाग, मोटेची विहीर, बायको तुळसाबाई आणि चार वर्षांची गोदी. वडील गेलेले, भाऊबंद कुणी नाही. संत्री बैलगाडीतून अमरावतीला आणायची म्हणजे वाटेत निम्मी दबायची, म्हणून त्यांनी एका कापसाच्या जिनिंगमधून मोडीत निघालेली लॉरी घेतली आणि तिचा सांगाडा तेवढा ठेवून बाकी सगळं आपल्या मनासारखं करून घेतलं. बाजूच्या फळ्या काढून बांबूच्या पट्ट्या ठोकल्या, का तर संत्र्याला वारा लागला पाहिजे. खालच्या कमानीचे दोन पाटे काढून टाकले, का तर गाडी मऊ चालली पाहिजे. जड माल भरायचा असला की तेच पाटे परत चढवायचे. मागच्या चाकाच्या पाठीमागं साखळीला एक लाकडी ठोकळा लोंबत ठेवला होता. चढावर गाडी थांबवली की ठोकळा खाली सोडायचा, गाडी तसूभर मागं येऊन त्याच्यावर टेकायची. क्लीनरनं दगड घेऊन मागं धावायची गरज नाही. अशी गाडी दुसऱ्या कुणाची मी पाहिली नाही, आणि मी हजारभर गाड्या तपासणीच्या वहीत चढवल्या आहेत.

मग पेट्रोल रेशनच्या चिठ्ठीवर गेलं आणि जो तो गाडीला कोळशाची भट्टी बसवू लागला. लोखंडी पिंपात कोळसा पेटवायचा, त्याचा धूर गाळून इंजिनात सोडायचा आणि त्यावर गाडी हाकायची. बाकीच्यांच्या गाड्या या भट्टीवर दम्याच्या म्हाताऱ्यासारख्या चालत. भाऊंनी भट्टी स्वतः केली, तेलाच्या पिंपाची. धूर गाळायला लोक काथ्या भरत आणि तो जळून जाई. भाऊंनी ओली अंबाडी भरली. भाजी खायची आणि दोर वळायचे, याच्यापलीकडं अंबाडीचा उपयोग आम्हा वऱ्हाड्यांना माहीत नव्हता. शिवाय कोळशाचा वायू पेट्रोलपेक्षा सावकाश पेटतो म्हणून इंजिनातली ठिणगी जराशी आधी पडायला हवी, हे त्यांनी कुणी न सांगता हुडकून काढलं. ठिणगीची ती वेळ ते केसाकेसानं सरकवायचे. हातोडीचा दांडा इंजिनाला लावायचा, दुसरं टोक दातात धरायचं आणि डोळे मिटायचे. मी काही बोलायला गेलो की हात वर व्हायचा. "थांबा, मले आयकू द्या."

उन्हाळ्यात मोठे साहेब लोक चिखलदऱ्याला जायचे आणि त्यांच्यामागं आमची दप्तरंही जायची. त्या वर्षी दप्तरं वाहायला भाऊंची लॉरी ठरली. गठ्ठ्यांवर राखणदार म्हणून मी. परतवाड्याच्या पुढं घाट लागला तशा एकेक कोळशाच्या गाड्या कडेला उभ्या दिसू लागल्या, उतारू खाली उतरून ढकलताहेत, ड्रायव्हर भट्टीला पंखा मारताहेत. आमची गाडी मात्र एका सुरात वर चढत होती. एका वळणावर मोठ्या साहेबांची मोटार वाफ सोडत उभी होती. साहेबाला बरं पेट्रोल मिळतं, तरी उभी! भाऊंनी ठोकळा सोडला, खाली उतरले, कुणाला काही न विचारता मोटारीच्या इंजिनावरचं टोपण उघडलं, आपल्या धोतराची पट्टी फाडून कुठं तरी बांधली, आणि मोटार सुरू झाली. साहेबानं आमच्या लॉरीभोवती एक चक्कर मारली. भट्टी पाहिली, ठोकळा पाहिला, वर गठ्ठ्यांवर बसलेला मी पाहिला. नाव विचारलं. मीच मोठ्या हौसेनं सांगितलं, गावासकट. भाऊ लाजून हात पुसत होते.

पंधरा दिवसांनी हुकूम आला. मेळघाटातून अमरावतीच्या सरकारी डेपोपर्यंत कोळसा वाहायचा. लढाईच्या कामाची लॉरी म्हणून ती विकायची नाही, ठरलेल्या रस्त्याबाहेर न्यायची नाही. मालकानं स्वतः चालवायची. आणि हे कुठवर, तर तपासणीत गाडी निकामी ठरेपर्यंत. मला तर आनंद झाला. म्हटलं, "भाऊ, साहेबाची मर्जी बसली तुमच्यावर!" त्यांनाही वाटलं, एक उन्हाळा काढायचा आहे.

एक उन्हाळा गेला, पावसाळा गेला. मेळघाट ते अमरावती, अमरावती ते मेळघाट. शेंदूरजना एका दिवसाच्या वाटेवर, पण तो रस्ता हुकमात नव्हता. लॉरी इथं टाकून पायी जावं तर डेपोचा जमादार रोज हजेरी घ्यायचा. भट्टी एकदा पेटवली की तिला सोडून हलता येत नसे. पंखा मारा, कोळसा ढोसा, राख काढा. तिच्या विषारी धुरानं भाऊंचं डोकं ठणकायचं. संध्याकाळी ते ओला पंचा डोक्याला गुंडाळून चिंचेच्या बुंध्याला टेकून बसायचे. त्यांचा चेहरा कोळशानं असा झाला होता की हसले तरच माणूस ओळखू यायचा, आणि हसणं कमीच झालं होतं.

वरूडकडचे संत्र्याचे व्यापारी अमरावतीला आले की तुळसाबाईंचा निरोप आणायचे. विहिरीवरचा सोंदूर, मोटेचा दोर, तुटला. मोट हाकायला माणूस मिळत नाही. तिसऱ्या ओळीतली झाडं वाळून राहिली. एकदा एक व्यापारी म्हणाला, गोदीनं विचारलं की ते आपल्या घरी कधी कधी यायचे ते काळे पाहुणे आता येत नाहीत का? व्यापारी हसत सांगत होता. भाऊही हसले. तो गेल्यावर मला म्हणाले, "पोरगी मले पावना समजते बाबू."

मग थोड्या वेळानं आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाले, "संत्र्याच्या झाडाले आमी पानी तोडतो. ताण देतो. पानं मान टाकतात, पाहणाऱ्याले दया येते. पन मंग पानी सोडलं की बहार येते. मले काहून तोडलं बाप्पा, अन् पानी कोन सोडन?"

मला राहवेना. मीच ती अक्कल काढली. "भाऊ, दिवाळीच्या सुमारास तपासणी आहे. गाडी नापास करा आणि सुटा!"

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की जणू पोटच्या पोरीला विहिरीत ढकलायला सांगतो आहे.  तिसऱ्या दिवशी स्वतःहून आले. "कसं करा लागते ते?" विचारायचं कुणी कुणाला! मी सांगितलं, ठिणगीची वेळ चुकवा, अंबाडीत राख भरा. तेवढं करायला त्यांना एक अख्खा रविवार लागला. मध्येच उठून जायचे, विहिरीवर तोंड धुऊन यायचे.

तपासनीस साहेब जबलपूरकडचे, हिंदी बोलणारे, मिशीला पीळ देणारे. माणूस वाईट नव्हता. आवारात लॉरी आली तीच खोकत, काळा धूर सोडत. माझ्या हातात लेखणी, पुढ्यात वही. साहेबांनी दोनदा चालू करून पाहिली, दोन्ही वेळा बंद पडली. मी 'निकामी' शब्दातलं 'नि' लिहायच्या बेतात होतो. तेवढ्यात साहेब नाकाला रुमाल लावून म्हणाले, "किस अनाड़ी ने बनाई है ये भट्ठी?"

झालं! भाऊंचे कान लाल झाले. मी डोळ्यांनी खुणावतोय, खाकरतोय, पाय आपटतोय, पण ते माझ्याकडं पाहतील तर शपथ. सरळ जाऊन टोपण उघडलं, मनगट दोनदा फिरवलं, अंबाडी उपसून झटकली, पंखा मारला. दोन मिनिटं, फार तर तीन. आणि ती लॉरी अशी चालू झाली की आवारातले शिपाई बिड्या विझवून ऐकत राहिले.

"वाह!" साहेब म्हणाले. मी लिहिलं, 'उत्तम'.

संध्याकाळी मी त्यांना काय काय बोललो ते इथं लिहीत नाही. ते खाली मान घालून ऐकत होते. शेवटी एवढंच म्हणाले, "अनाडी म्हनला बाबू तो. सगळ्याइच्या समोर."

पुढची तपासणी चैत्रात. तोवर हिवाळाभर तेच, मेळघाट ते अमरावती. भाऊंनी निरोपाला उलट निरोप धाडणं बंद केलं. मग चैत्राच्या आधी आठ दिवस तुळसाबाई स्वतःच येऊन थडकल्या, गोदीला माहेरी ठेवून, माहेरच्या भावाला, शेषरावला, सोबत घेऊन. बाई उंचीला नवऱ्याच्या खांद्यापर्यंत आणि आवाजाला त्याच्या दुप्पट. आल्या आल्या त्यांनी मला उभं केलं.

"तुमीच का ते बाबू? मंग नापास कशी नाई झाली गाडी?"

मी दिवाळीची हकीकत सांगितली. त्या कपाळाला हात लावून हसल्या, मग डोळे पुसले. "सासरी आली तवा माह्या जात्याचा खुटा ढिला होता. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, घरभर पावने, अन् हा मानूस जातं उलटं करून बसला. याचे हात मोकळे राह्यले तं झालं कल्यान. या बारीले मी धरतो."

त्या असंच म्हणाल्या, 'मी धरतो'. आमच्याकडं बायकाही असंच बोलतात.

आणि खरंच धरले. तपासणीच्या दिवशी भर आवारात, शिपाई, ड्रायव्हर, दहा-वीस बघे यांच्यादेखत ती बाई डोक्यावरचा पदर आवळून नवऱ्याजवळ उभी राहिली आणि त्याची दोन्ही मनगटं घट्ट पकडली. त्या काळी नवराबायको रस्त्यानं शेजारी शेजारी चालत नसत! लोक फिदीफिदी हसले. तुळसाबाईंनी त्यांच्याकडं ढुंकून पाहिलं नाही. शेषरावानं लॉरी चालू केली. बंद पडली. पुन्हा चालू केली, पुन्हा बंद. या वेळी बिघाडही मी जवळ बसून, नेट लावून करून घेतला होता. साहेब काही बाही बोलत होते. भाऊंच्या कपाळावर घाम डवरला होता, आणि एकदा तर त्यांनी पाऊल पुढं टाकलंसुद्धा. बाईंनी तसंच मागं ओढलं.

"निकम्मी," साहेब म्हणाले. "छोड़ दो इसको."

मी लिहिलं. इतकं सुंदर 'निकामी' मी जन्मात लिहिलं नसेल. तुळसाबाईंना माझ्या तोंडावरूनच कळलं. त्यांचं तोंड असं फुललं की मी लग्न करायचं ते त्याच दिवशी ठरवलं.

पण हात सोडायला त्या विसरल्या. साहेबांना गंमत वाटली. मिशीत हसत म्हणाले, "अब तो छोड़ो बाई. हाथ क्यों पकड़े हैं?"

आणि ती बाई, वर्षभर एकटीनं बाग ओढलेली ती बाई, नवरा सुटला या आनंदात खणखणीत आवाजात बोलून गेली, "सोडले असते तं आतापावतर गाडी गात राह्यली असती सायेब! सातपुड्यापासून अमरावतीपावतर असा मिस्त्री नाई!"

कुणी हसलं नाही. बोलल्यावर एका क्षणानं बाईंना कळलं. त्यांनी मनगटं सोडली, पण आता सोडून काय उपयोग होता?

साहेबांना दिवाळी आठवली असणार. त्यांनी भाऊंकडं बराच वेळ पाहिलं. खोटेपणा केला म्हणून तुरुंगात घालतील असं मला वाटलं. घातलं नाही. उलट खूश झाले. सरकारच्या मोटार कारखान्यात लष्कराच्या साठ लॉऱ्या भट्टीसाठी खोळंबल्या आहेत आणि आपण असा माणूस दिवाळीत परत कोळसा वाहायला धाडला, म्हणून स्वतःलाच दोष देत त्यांनी वही माझ्याकडं सरकवली आणि सांगितलं, लिहा. लॉरी निकामी, मालकाला परत. मालक यंत्रकामात निष्णात, सबब लढाई संपेपर्यंत सरकारी कारखान्यात हजर राहावं.

मी लिहिलं. शाई सांडता आली असती, कागद गहाळ करता आला असता, कारकुनाला शंभर वाटा असतात. पण साहेब वाकून पाहत होते आणि मला नोकरी प्यारी होती. वळणदार अक्षरात लिहिलं आणि टिपकागदानं टिपलं. चिखलदऱ्याच्या घाटात नाव-गाव सांगणारा मी, नापास व्हायची अक्कल काढणारा मी, आणि हेही लिहिणारा मीच. मला याची लाज वाटते, अजून वाटते.

चौथ्या दिवशी लॉरी शेंदूरजन्याला न्यायची होती. कारखाना बडनेऱ्याच्या रस्त्यावर, भोवती काटेरी तार, फाटकावर चौकीदार. जायच्या आधी भेट व्हावी म्हणून शेषरावानं लॉरी चार माणसांकडून ढकलत तिथवर आणली. कारण ती चालूच होत नव्हती. आम्ही इतकी छान बिघडवली होती ती! मी अर्ध्या दिवसाची रजा घेऊन गेलो होतो. तुळसाबाई पुढच्या बैठकीवर बसून होत्या.  शेषराव खटपट करून घामाघूम झाला, म्हणाला, "नाई होत बाई सुरू." तर त्या नुसतं "राहू दे" म्हणाल्या.

भाऊ आतून आले. अंगात खाकी डगला, छातीवर पत्र्याचा नंबर. चौकीदाराला त्यांनी पाच मिनिटं मागितली आणि लॉरीकडं येऊन टोपण उघडलं.

तुळसाबाई झटक्यात खाली उतरल्या आणि पुन्हा त्यांची दोन्ही मनगटं धरली.

"नोका करू," त्या म्हणाल्या. "हे सुरू झाली तं मले जा लागन."

 भाऊंनी एकेक बोट उलगडून हात सोडवून घेतले, अगदी हळू.

"गोदीची माय," ते म्हणाले, "झाडं वाळून राह्यली. एक जन तरी पायजे ना तिथिसा."

मग त्यांनी अंबाडी झटकली, मनगट दोनदा फिरवलं, आणि शेषरावाला मान हलवून खूण केली. लॉरी पहिल्या फेरीत चालू झाली. काय आवाज होता तो, स्वच्छ, एका सुरातला! तुळसाबाई वर चढल्या आणि तोंड पदरात घालून बसल्या. गाडी वळली, मोर्शीच्या रस्त्याला लागायला शहराकडं निघाली. त्यांनी मागं पाहिलं नाही.

भाऊ मान किंचित वाकडी करून ऐकत उभे होते. मला काही ऐकू येईनासं झालं तरी त्यांना बहुधा येत असावं. चौकीदारानं दोनदा हाक मारली. मग त्यानं त्यांना दंडाला धरून आत घेतलं आणि फाटक लावलं. मी बाहेर उभा राहिलो होतो आणि ते तारेपलीकडून, माझ्याकडं न बघता, फाटकाची कुरकुरणारी बिजागरी निरखून पाहत होते.